वार पडल्यानंतरचा तास

बाळ रडलं तेव्हा रात्रीचे पावणेदोन वाजले होते. आजी, आशाताई, मी, सगळ्याच बाळाकडे वळलो. सिस्टर वळली नाही. बाळ आईच्या छातीवर देऊन तिनं पोट चाचपलं, आत जुळं नाही ना याची खात्री केली आणि मिनिटाच्या आत बाळंतिणीच्या मांडीत दहा युनिट ऑक्सिटोसिन टोचलं. हे औषध गारव्यात ठेवावं लागतं. बऱ्हाणपूरच्या उन्हाळ्यात ते बाहेर राहिलं तर त्याचा जोर उतरतो, म्हणून फ्रीजमधून कुपी तिनं अगदी शेवटी काढली होती.

बाई कोरकू, खकनारकडची. तिसरी खेप. दिवस भरेपर्यंत नवऱ्याबरोबर रावेर भागात केळीच्या मळ्यात मजुरी, त्यामुळे कार्डावरचे रकाने बरेचसे कोरे. पापण्या आतून पांढरट, हिमोग्लोबिन आठ. आली तेव्हा टेबलावर आडवी व्हायला तयार नव्हती. घरी उकिडवं बसून बाळंत होण्याची सवय. अशा बायकांना दरडावून झोपवलेलं मी एका ठिकाणी पाहिलं आहे. त्या पुढच्या खेपेला दवाखान्याची पायरी चढत नाहीत. या सिस्टरनं खाली चटई अंथरली आणि सासूला तिच्या पाठीशी बसवलं. बाईला सोसेल तसं बसू-फिरू द्यावं, तिला हवं ते माणूस जवळ असू द्यावं, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली केली. सिस्टर एवढंच म्हणाली, “आपल्या माणसाला टेकलं की कळ सोसवते, ताई.”

नाळेचे ठोके थांबल्यावर तिनं ती बांधून कापली. मग एक हात ओटीपोटावर दाबून गर्भाची पिशवी सावरली आणि कळ येताच दुसऱ्या हातानं नाळ हलकेच ओढली. वार पडली. ती दोन्ही तळव्यांवर पसरून तिनं दिव्याखाली धरली, फिरवून फिरवून पाहिली. एखादा तुकडा आत राहिला तर पिशवी आवळत नाही, आणि पिशवी आवळली नाही तर उघड्या रक्तवाहिन्या वाहतच राहतात.

याच जिल्ह्यात, तापीकाठी, १७ जून १६३१ रोजी मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात गेली. शाहजहान दख्खनच्या मोहिमेवर होता, ती त्याच्याबरोबर होती. मुलगी जगली. आई अडतीस वर्षांची होती. हकीम, दाया, दासी, कशाचीच वाण नव्हती. अंगावरून जाणारं रक्त थांबलं नाही, असंच आजचे डॉक्टर त्या मरणाचं कारण मानतात. नदीपलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात तिला सहा महिने ठेवलं आणि मग आग्र्याला नेलं. ताजमहालाची गोष्ट सगळे सांगतात. बऱ्हाणपुरातली ती रात्र मला जास्त छळते, कारण त्या दरबारी नव्हतं ते दहा युनिटांचं औषध आज या दोन खोल्यांच्या आरोग्य केंद्रात आहे. तरीही २०१८-२० च्या नमुना नोंदणीत दर लाख जिवंत जन्मांमागे मध्य प्रदेशात १७३ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३. राज्याची हद्द तर इथून हाकेच्या अंतरावर आहे.

किती रक्त गेलं, हे नजरेनं नेहमी कमीच भासतं. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ऐंशी रुग्णालयांपैकी निम्म्या ठिकाणी बाळंतिणीखाली मापाच्या खुणा असलेली पिशवी लावली आणि रक्तस्राव ओळखताच मसाज, औषधं, सलाईन, तपासणी असे सगळे उपाय एकदमच सुरू केले. २०२३ साली निष्कर्ष आला: गंभीर रक्तस्राव, त्यापायी करावी लागणारी शस्त्रक्रिया आणि मृत्यू मिळून ६० टक्क्यांनी घटले. इथे तशी पिशवी नव्हती. सिस्टरनं स्वच्छ प्लॅस्टिक अंथरून रक्त मापाच्या भांड्यात घेतलं. अडीचशे मिलिलिटर. तेव्हा पुस्तकात धोक्याची रेघ पाचशेवर होती, पण आठ हिमोग्लोबिनच्या बाईला ती लागू करायला सिस्टर तयार नव्हती. रक्ताची सोय जिल्ह्याच्या गावी, म्हणून तिनं गाडीवाल्याला जागं राहायला सांगून ठेवलं.

दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तदाब, पोटावर हात. मध्ये तिनं सासूचा हात धरून सुनेच्या बेंबीखाली ठेवला. आशाताईनं कोरकूत समजावलं.

“नारळासारखं कडक लागतंय ना, आजी? मऊ झालं की लगेच हाक मारा.”

आजीनं मान हलवली. तिनं स्वतः किती बाळंतपणं उरकली असतील कोण जाणे, पण हात तिनं शिकाऊ पोरीसारखा जपून ठेवला होता.

तीनच्या सुमाराला मला डुलकी लागली. आजीच्या हाकेनं जाग आली. सिस्टर तेव्हा पोटावर गोल गोल चोळत होती. मुठीएवढी गाठ बाहेर आली, पिशवी पुन्हा घट्ट झाली. तिनं आजीचा हात परत जागेवर ठेवला, कागदावर लिहिलं, ३.१०, आणि नाडी मोजायला घेतली.