एका हाताची फेक



या अंकात लागण, खोडवा किंवा खताच्या हप्त्याविषयी आम्ही लिहीत नाही. मागच्या हंगामात उसाच्या नोंदी घेत फिरताना एका सभासदाच्या वस्तीवर चहाला थांबलो होतो. त्यांचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा दाराआडून पाहत होता. डावा हात मनगटापासून नव्हता. कडबाकुट्टीत वैरण सारताना गेला. "शाळेत जातो ना?" आम्ही विचारलं. वडील म्हणाले, "जातो की साहेब. पण खेळाच्या तासाला बसवून ठेवा म्हणून सांगितलंय मास्तरांना. पोरं हसतात. आता ह्याच्याकडनं काय व्हायचंय?"

त्या वेळी आम्हाला नीट उत्तर देता आलं नाही. ते आज देत आहोत.

राजस्थानातल्या चुरू जिल्ह्यात १९८१ साली देवेंद्र झाझरिया या मुलाचा जन्म झाला. घर शेतकऱ्याचं. आठ वर्षांचा असताना तो झाडावर चढला आणि विजेच्या चालू तारेला हात लागला. डावा हात कापावा लागला. पुढे शाळेत तो भालाफेकीकडे वळला. १९९७ साली शाळेच्या स्पर्धेत आर. डी. सिंग या प्रशिक्षकांनी त्याला पाहिलं. गेलेला हात सगळ्या गावाला दिसत होता. या माणसाला राहिलेला हात दिसला.

भाला एकाच हाताने फेकायचा, मग दुसऱ्याचं काय काम, असं कोणी म्हणेल. पण तसं नाही. धावत येताना तोल सांभाळायला आणि फेकीच्या क्षणी छाती जोरात वळवायला दुसरा हात लागतो. तो नसला की ते सारं काम कंबर आणि पायांकडून करून घ्यावं लागतं. त्याला वर्षानुवर्षांचा सराव हवा.

२००४ साली अथेन्सच्या पॅरालिंपिकमध्ये देवेंद्र यांनी ६२.१५ मीटर भाला फेकला. सुवर्णपदक आणि वर सोबत जागतिक विक्रम! गुंठ्याची एक बाजू ३३ फूट. अशा सहा बाजू एका रेषेत मांडा. भाला त्याच्याही पुढे पडला.

खरी परीक्षा पुढेच होती. २००८ च्या बीजिंग आणि २०१२ च्या लंडन स्पर्धेत त्यांच्या गटाची भालाफेकच ठेवली नव्हती. रान तयार, बियाणं तयार आणि हंगामच नाही, अशी गत. दुसरा कोणी भाला माळ्यावर टाकून मोकळा झाला असता. यांनी सराव सोडला नाही. २०१६ साली रिओला, वयाच्या पस्तिशीत, ६३.९७ मीटर फेकून दुसरं सुवर्ण आणलं आणि स्वतःचाच विक्रम मोडला. करोनामुळे २०२१ मध्ये झालेल्या टोकियो स्पर्धेत चाळिसाव्या वर्षी ६४.३५ मीटर! या वेळी रौप्य मिळालं, पण फेक दोन्ही सुवर्णांपेक्षा लांब होती. २०२२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं.

हिमाचलच्या उना जिल्ह्यातले निषाद कुमार यांचा उजवा हात तर लहानपणी वैरण कापायच्या यंत्रातच गेला. त्यांनी टोकियोत २.०६ मीटर उंच उडी मारून रौप्य घेतलं आणि २०२४ ला पॅरिसमध्ये पुन्हा रौप्य. तेही शेतकऱ्याचंच पोर.

आता आमच्या खात्याच्या सवयीप्रमाणे दोन सूचना. कुट्टीच्या तोंडाला लांब पत्रा बसवून घ्या आणि वैरण सारायला पोरांना उभं करूच नका. फडात लोंबती तार दिसली तर वायरमनला कळवा, बांबूने उचलायला जाऊ नका. आणि ज्यांच्या घरी घात झालेलाच आहे त्यांना हात जोडून विनंती, की मुलाला दाराआड ठेवू नका. जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र काढून घ्या. कागद समजले नाहीत तर आमच्या गट कार्यालयात या, आम्ही भरून देऊ.

प्रत्येक मूल पदक आणील असं आम्ही म्हणत नाही. प्रत्येक सरीला सारखा ऊस येत नाही, हे तुम्हाला आम्ही काय सांगावं? पण पाणी सगळ्या सऱ्यांना द्यावं लागतं.

त्या सभासदांच्या वस्तीवर हा अंक आम्ही स्वतः घेऊन जाणार आहोत. खेळाच्या तासाचं तेवढं मास्तरांशी बोला, असंही सांगणार आहोत.

— ऊस विकास अधिकारी