सिल्व्हर ओक आणि उमरखेडची जमीन

वृक्षाच्या नांवावरून त्याच्या कुळाची परीक्षा करणें धोक्याचें असतें. उद्यानांत ‘सिल्व्हर ओक’ म्हणून जो उंच, सरळ वृक्ष दिसतो, तो ओकच्या कुळांतला मुळींच नव्हे. खरा ओक थंड प्रदेशाचा रहिवासी. हिमालयांत त्याची एक जात ‘बांज’ या नांवानें प्रसिद्ध आहे. सिल्व्हर ओक मात्र मूळचा ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागांतला. त्याचें पान नेच्याप्रमाणें चिरलेलें, वरून हिरवें व खालून रुपेरी असतें. वाऱ्यानें पानें उलटलीं कीं सारा वृक्ष चमकूं लागतो. वसंतांत फणीसारखे सोनेरी-नारिंगी फुलोरे येतात आणि त्यांतील मधासाठीं पक्षी व मधमाश्या गोळा होतात. अनुकूल जागीं तो वीस ते तीस मीटर उंच होतो.

महाराष्ट्रांत हा वृक्ष पांचगणीस चांगला रुजला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जॉन चेसन यांनीं तेथें जीं परदेशी झाडें लावलीं, त्यांत हें एक होतें. पांचगणीची उंची सुमारें १,३०० मीटर, हवा थंड, आणि उतारावर पाणी सांचत नाहीं. यवतमाळ जिल्ह्यांतील उमरखेडची गोष्ट निराळी. पैनगंगेच्या खोऱ्यांतील काळी माती पावसाळ्यांत पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यांत भेगाळते. सांचलेलें पाणी या वृक्षास मानवत नाहीं. शिवाय त्याच्या फांद्या ठिसूळ, सोसाट्याच्या वाऱ्यानें मोडणाऱ्या. म्हणून येथें तो लावावयाचाच तर निचऱ्याची मुरमाड, उंच जागा निवडावी, आणि बांकांपासून व मुलांच्या क्रीडांगणापासून त्यास दूर ठेवावें.

लागवडीसाठीं वैशाखांत दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा खणून उन्हानें तापूं द्यावा. मग पोयट्याची माती व कुजलेलें शेणखत भरावें आणि पहिला चांगला पाऊस झाल्यावर रोप लावावें. शेळ्यांपासून रक्षणार्थ कांट्यांचें कुंपण, वाऱ्यासाठीं काठीचा आधार आणि पहिले दोन-तीन उन्हाळे नियमित पाणी, एवढी काळजी पुरते.

बाकीच्या उद्यानासाठीं मात्र आपल्याच रानांतला बहावा अधिक भरंवशाचा. ऐन उन्हाळ्यांत तो पिवळ्या घोसांनीं लगडतो. त्याचें बी कठीण कवचाचें असल्यानें किंचित् घांसून पेरावें लागतें. ओढ्याकांठच्या ओलसर जागीं अर्जुन लावावा. चुकीचें झाड लावल्याचें पुष्कळदां आठ-दहा वर्षांनीं कळतें. तोंवर सांवलीची वाट पाहणारीं मुलें मोठीं झालेलीं असतात.