परदेशी माल मागवताना चलनबदलाचा भुर्दंड टाळा

परदेशी विक्रेत्याकडून ऑनलाइन हत्यारे, सुटे भाग मागवताना पैसे भरण्याच्या वेळी ‘रुपयांत की डॉलरमध्ये?’ असे विचारले जाते. रुपया ओळखीचा, म्हणून आपण तोच निवडतो. पण त्या दरात विक्रेत्याच्या बाजूची कमाई आधीच मिसळलेली असते. शिवाय अनेक बँका अशा रुपयांतील व्यवहारावरही वेगळा आकार लावतात. म्हणून डॉलरच निवडावा.

मग उरतो आपल्या बँकेचा चलनबदल आकार. तो साडेतीन टक्के असल्यास २०,००० रुपयांच्या खरेदीवर ७०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे १२६, असे ८२६ रुपये जातात. दोन टक्क्यांच्या कार्डावर हेच ४७२ होतात. तेव्हा व्यापारी बंधूंनी कार्ड घेण्यापूर्वीच हा दर बँकेत विचारून घ्यावा, असे आम्ही सुचवतो.