साखळी धरणाऱ्या हाताची काळजी

चेंबूर, घाटकोपर, विक्रोळी, पवई या भागांत जुन्या चाळी आणि गिरण्या-कारखान्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या, तसे आपल्या वस्त्यांना एक नवे काम मिळाले. ते म्हणजे कुत्रा फिरवणे. सकाळी सहा-सातला आणि दिवे लागणीला इमारतींच्या फाटकांतून कुत्री बाहेर पडतात. कुत्रा सहाव्या मजल्यावरचा असतो, पण साखळी धरणारा हात बहुतेक वेळा आपल्या वस्तीतला असतो. कॉलेजची फी भरण्यासाठी काही मुले हे काम करतात. धुणीभांडी करणाऱ्या भगिनींना तर ते वेगळे काम म्हणून सांगितलेही जात नाही. "जाता जाता जरा याला खाली फिरवून आण," एवढ्यावर ते अंगावर पडते.

वस्तीत आरोग्याची माहिती द्यायला आम्ही जातो, तेव्हा रस्त्यावरच्या कुत्र्याबद्दल खूप प्रश्न येतात. ओळखीच्या कुत्र्याबद्दल कोणी विचारत नाही. भटका कुत्रा चावला तर माणूस दवाखान्यात धावतो. रोज फिरवतो तो कुत्रा चावला, गल्लीतल्या पिल्लाने खेळता खेळता दात लावला, तर फडक्याने पुसून आपण कामाला लागतो. वरून बाई सांगतात, "आमच्या रॉकीला सगळी इंजेक्शने दिली आहेत, काही होत नाही." अशा चाव्याकडे दुर्लक्ष होते, म्हणून आज त्याबद्दलच लिहीत आहोत.

रेबीजचे विषाणू आजारी जनावराच्या लाळेत असतात. चाव्यातून ते आपल्या मांसात शिरतात आणि तिथून नसांच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे जातात. या प्रवासाला बहुधा एक ते तीन महिने लागतात, कधी कमी, कधी जास्त. या काळात जखम भरून येते आणि माणूस ठणठणीत दिसतो. पण पाणी गिळता येईनासे झाले, वाऱ्याच्या झुळकीने दचकायला होऊ लागले, की मग जवळजवळ कोणीच वाचत नाही. वाचवण्याची सगळी संधी लक्षणे दिसण्याआधीची आहे आणि तिची सुरुवात आपल्या मोरीतल्या नळाखाली होते.

कुत्रा चावला किंवा त्याचा ओरखडा निघाला तर पहिले काम एकच. वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, जखम पूर्ण १५ मिनिटे धुवायची. घड्याळ समोर ठेवा, कारण १५ मिनिटे वाटतात त्यापेक्षा पुष्कळ जास्त असतात. नळाला पाणी नसेल तर तांब्याने ओतत राहा. कपडे धुण्याचा साबणही चालतो. हळद, चुना, मिरचीपूड, तेल, तंबाखू यांपैकी काहीही लावू नका. जखम करकचून बांधू नका. मंत्र-दोऱ्यात वेळ घालवू नका. त्यानंतर त्याच दिवशी महापालिकेचे किंवा सरकारी रुग्णालय गाठा. तिथे ही लस मोफत मिळते.

डॉक्टर जखमेचे तीन प्रकार करतात. धडधाकट कातडीवर कुत्र्याने नुसते चाटले असेल तर धुणे पुरेसे असते. रक्त न येता ओरखडा निघाला किंवा दात नुसता लागला असेल तर लस घ्यावी लागते. रक्त आले असेल, किंवा आधीच्या जखमेवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली असेल, तर लसीबरोबर आणखी एक औषध लागते. त्याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात आणि ते जखमेतच टोचतात. लस अंगात काम करू लागेपर्यंतच्या दिवसांत ते विषाणूला जागीच अडवते. म्हणून "मोठी जखम आहे, ते औषध देणार का?" हे स्वतःहून विचारा. धनुर्वाताच्या इंजेक्शनने रेबीज टळत नाही. ते वेगळे आणि हे वेगळे.

पोटात चौदा सुयांची भीती अजून अनेकांच्या मनात आहे. ती जुनी लस देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आताची लस दंडावर देतात. कातडीत टोचायची लस असेल तर चार फेऱ्या होतात. पहिली सुई १ तारखेला घेतली तर पुढच्या ४, ८ आणि २९ तारखेला. स्नायूत टोचायची असेल तर १५ तारखेची एक फेरी वाढते. शेवटची फेरी चुकते ती रोज बुडतो म्हणून. तेव्हा पहिल्याच दिवशी सगळ्या तारखा कॅलेंडरवर गोल करून ठेवा. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, तान्हे बाळ, सगळ्यांना ही लस देता येते.

कुत्रा ओळखीचा असेल तर त्याच्यावर १० दिवस नजर ठेवायची. चावताना त्याच्या लाळेत विषाणू असेल तर इतक्या दिवसांत तो आजारी पडतो किंवा मरतो. लाळ गळणे, आवाज बदलणे, दिसेल त्याला चावणे, नाहीतर अंधाऱ्या कोपऱ्यात गप्प पडून राहणे ही लक्षणे आहेत. पण हे १० दिवस वाट बघत बसण्यासाठी नाहीत. लस आज सुरू करायची. कुत्रा धडधाकट राहिला तर पुढच्या सुयांचे डॉक्टर ठरवतील.

हे काम रोज करणाऱ्यांनी चावण्याआधीच लस घ्यावी, असे आमचे सांगणे आहे. तिच्या तीन सुया असतात. पहिली घेतल्यावर दुसरी सात दिवसांनी आणि तिसरी २१ किंवा २८ दिवसांनी. पुढे कधी कुत्रा चावला तर दोनच सुया पुरतात आणि जखमेतले औषध लागत नाही. जखम धुणे मात्र चुकत नाही. काम धरतानाच तीन गोष्टी विचारा. कुत्र्याच्या लसीचे कार्ड बघायला मिळेल का? यंदाची सुई झाली आहे का? चावला तर दवाखान्याचा खर्च आणि बुडालेला रोज कोण देणार? यात संकोच कसला? गवंडी चढण्याआधी परात बांधलेली आहे का ते बघतोच.

आता फिरवण्याबद्दल. साखळी मनगटाला गुंडाळू नका. कुत्र्याने हिसका दिला तर हात मोडतो, माणूस रस्त्यावर ओढला जातो. दोन कुत्री भांडू लागली तर मध्ये हात घालू नका. एप्रिल-मेमध्ये डांबरावर आपल्या हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा. सोसत नसेल तर त्याचे पंजेही भाजणार. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. चपट्या नाकाच्या पगसारख्या कुत्र्यांना तेही नीट जमत नाही. धाप थांबेना, पाय लटपटू लागले, तर सावलीत नेऊन साध्या पाण्याने अंग भिजवा आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यायला सांगा.

पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून कुत्रा नेऊ नका. उंदीर, कुत्री, गुरे यांच्या मुतातून लेप्टोचे जंतू त्या पाण्यात येतात आणि पायाच्या भेगांतून आपल्या अंगात शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने माणसे दगावली, हे वस्त्या विसरलेल्या नाहीत. अशा पाण्यातून चालावे लागलेच तर ७२ तासांच्या आत दवाखान्यात दाखवा. गोळी घ्यायची का, ते डॉक्टर सांगतील.

कुत्र्याची घाण कागदाने उचलून कचऱ्यात टाका. तिच्यातल्या जंतांची अंडी मातीत मिसळतात आणि त्याच मातीत आपली मुले अनवाणी खेळतात. कुत्र्याला जंताचे औषध वेळेवर द्यावे. अंगावरचा गोचीड चिमट्याने ओढून काढावा, बोटांनी चिरडू नये. घरी आल्यावर आधी साबणाने हात धुवा, मग भाकरीला हात लावा.

गल्लीतली कुत्री कोणाचीच नसतात आणि सगळ्यांचीच असतात. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की त्याला रेबीजची लस द्यायची आणि पुढे दर वर्षी. २०२३ च्या केंद्रीय नियमांनुसार रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही महापालिकेची जबाबदारी आहे. कानाला कापल्याची खूण असलेल्या कुत्र्याची नसबंदी झालेली असते. ज्यांच्या कानाला खूण नाही ती मोजा आणि वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज द्या. खायला घालायची जागा ठरलेली असावी. मुलांच्या खेळण्याची जागा, जिना आणि येण्याजाण्याची वाट सोडून. शिजवलेली कोंबडीची हाडे, कांदा, चॉकलेट घालू नका.

मुलांना चार गोष्टी शिकवा. खाणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्लांजवळच्या कुत्रीला हात लावायचा नाही. कुत्रा अंगावर आला तर पळायचे नाही, झाडासारखे उभे राहायचे. दगड मारायचा नाही. आणि चावला तर घरी लगेच सांगायचे. चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण मार बसेल या भीतीने मुले चावा लपवतात. मूल चावा सांगत आले तर त्या दिवशी त्याला एक शब्दही रागावू नका.

कोणी म्हणेल, माणसाचे हाल असताना कुत्र्यांचे काय घेऊन बसलात? राजगृहावरचा फेब्रुवारी १९३४ चा कौटुंबिक फोटो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. बाबासाहेब, रमाई, यशवंत, लक्ष्मीबाई आणि मुकुंद यांच्याबरोबर त्यात बाबासाहेबांचा आवडता टॉबीही आहे. जनावरावर माया करणे आणि माणसाचा हक्क मागणे यांत भांडण नाही. लस घेतलेला कुत्रा गल्लीत असला तर आपलेच मूल सुरक्षित राहते.

२८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्याची वाट न बघता या रविवारी विहाराच्या फळ्यावर तीन ओळी लिहा. जवळच्या कोणत्या रुग्णालयात लस मिळते, तिथे किती वाजता मिळते आणि रात्री चावले तर कुठे जायचे. फळ्याच्या तळाशी मोठ्या अक्षरांत लिहा: आधी साबण, १५ मिनिटे.