टीव्हीच्या डोंगलमधला रेडिओ

संगणकाच्या यूएसबी खोबणीत बसणारा बोटभर लांबीचा टीव्ही डोंगल ही वरकरणी अगदी किरकोळ वस्तू आहे. युरोपात आणि इतरत्र डीव्हीबी-टी या मानकानुसार, म्हणजे जमिनीवरील मनोऱ्यांवरून डिजिटल स्वरूपात, होणारे दूरचित्रवाणी प्रसारण लॅपटॉपवर पाहता यावे एवढ्याच हेतूने तो बाजारात आला. भारतात त्याचा तेवढाही उपयोग नव्हता, कारण दूरदर्शनने मोजक्या शहरांत सुरू केलेले अशा प्रकारचे प्रसारण डीव्हीबी-टी२ या पुढच्या मानकाचे असून जुन्या डोंगलमधील चिपला ते उलगडता येत नाही. असे असूनही हा डोंगल आज जगभरच्या, आणि त्यात महाराष्ट्रातल्याही, हौशी तंत्रज्ञांच्या टेबलावर दिसतो, तो मात्र टीव्हीसाठी नव्हे, तर विमानांपासून आकाशगंगेपर्यंतच्या रेडिओलहरी टिपणारा ग्राहक म्हणून. वस्तूचा उपयोग उत्पादक ठरवत असला तरी तिची क्षमता तिच्या रचनेत असते, आणि या दोहोंमधले अंतर शोधून काढणे हेच घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंना नवे रूप देण्याच्या छंदाचे खरे काम आहे, हे या डोंगलइतके स्पष्टपणे क्वचितच दुसऱ्या वस्तूत दिसते.

डोंगलचे प्लास्टिकचे कवच नखाने किंवा पातळ पात्याने उघडले की आतल्या हिरव्या पट्टीवर दोन प्रमुख चिप दिसतात. त्यांपैकी पहिली ट्यूनर. अँटेनातून येणाऱ्या असंख्य लहरींतून हवी ती वारंवारता निवडणे आणि ती हाताळता येईल अशा खालच्या वारंवारतेवर आणून ठेवणे हे तिचे काम. आर८२०टी या सर्वांत रुळलेल्या ट्यूनरची मजल साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झपर्यंत जाते, म्हणजे टीव्हीच्या गरजेपेक्षा ती कितीतरी अधिक आहे. दुसरी चिप आरटीएल२८३२यू. ट्यूनरकडून आलेली लहर सेकंदाला लक्षावधी वेळा मोजून तिचे आकड्यांत रूपांतर करणे आणि त्या आकड्यांतून टीव्हीचे चित्र सोडवून संगणकाकडे पाठवणे, अशी तिची मूळ योजना आहे.

या योजनेत एक आडवाट होती. टीव्हीखेरीज एफएम रेडिओ ऐकवण्याची सोयही या डोंगलमध्ये होती. पण एफएमचा ध्वनी चिपमध्येच सोडवण्याऐवजी उत्पादकाने ते काम संगणकावर सोपवले होते, त्यामुळे त्या वेळी मोजलेले कच्चे आकडे जसेच्या तसे यूएसबीतून बाहेर पडत. एरिक फ्राय यांनी २०१० साली डोंगल आणि संगणक यांच्यातील यूएसबीवरची देवाणघेवाण टिपून ती अभ्यासली. पुढे २०१२ च्या आरंभी लिनक्ससाठी चालक-प्रणाली लिहिणारे अँटी पालोसारी यांच्या लक्षात या कच्च्या आकड्यांचे महत्त्व आले आणि ऑस्मोकॉम या मुक्त प्रकल्पातील स्टीव्ह मार्कग्राफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याभोवती सर्वांना वापरता येईल असे सॉफ्टवेअर उभे केले. एका बचतीच्या निर्णयामुळे उघडे राहिलेले हे दार बारकाईने पाहणाऱ्या मोजक्या लोकांना दिसले, आणि ज्या प्रकारच्या उपकरणासाठी तोवर बरीच मोठी रक्कम मोजावी लागे ते काही शे रुपयांत हाती आले.

कच्च्या आकड्यांना एवढे मोल का, हे समजण्यासाठी जुना रेडिओ आठवावा लागतो. त्यात निवड, गाळणी आणि ध्वनीची उकल ही सगळी कामे ठरावीक सुट्या भागांची असतात. म्हणून एफएमसाठी बनवलेला संच विमानाचा संदेश वाचू शकत नाही. डोंगल मात्र प्रत्येक क्षणी लहरीविषयी दोन आकडे देतो आणि त्या जोडीतून लहरीचा आयाम, म्हणजे तिची तीव्रता, आणि तिची कला, म्हणजे आवर्तनातील तिचे नेमके स्थान, या दोन्ही गोष्टी काढता येतात. एवढी माहिती हाती आली की पुढची सगळी उकल गणिताने होते, आणि गणित बदलले की तोच डोंगल वेगळा ग्राहक बनतो. या रचनेला सॉफ्टवेअर रेडिओ म्हणतात.

सॉफ्टवेअरने दार उघडले तरी स्वस्त वस्तूच्या उणिवा तशाच उरतात, आणि खरे हातकाम तेथून सुरू होते. पहिली उणीव घड्याळाची. डोंगलमधील सर्व मोजमाप २८.८ मेगाहर्ट्झच्या एका स्फटिकाच्या ठोक्यावर चालते, आणि साधा स्फटिक तापला की त्याचा ठोका हलतो. हा फरक दहा लाखांत पन्नास भाग इतकाच धरला, तरी १०९० मेगाहर्ट्झसारख्या उंच वारंवारतेवर तो सुमारे ५४ किलोहर्ट्झ होतो, म्हणजे हवा तो अरुंद संदेश पडद्यावर भलत्याच जागी दिसतो. म्हणून मूळ स्फटिक काढून त्या जागी तापमानातील बदलाची भरपाई स्वतःच करणारा आंदोलक बसवतात. उष्णता बाहेर निघावी यासाठी प्लास्टिकचे कवच टाकून पट्टी ॲल्युमिनियमच्या डबीत ठेवतात, आणि चिपच्या मागच्या बाजूस उष्णतावाहक रबरी गादी लावून ती डबीच्या भिंतीला टेकवतात. त्या डबीमुळे शेजारच्या संगणकाचा विद्युत गोंगाटही आडवला जातो.

दुसरी उणीव मर्यादेची आहे. ट्यूनर २४ मेगाहर्ट्झच्या खाली उतरत नाही, त्यामुळे लघुलहरी आणि मध्यम लहरी डोंगलला ऐकू येत नाहीत. आकाशवाणीच्या पुणे केंद्राची ७९२ किलोहर्ट्झ ही महाराष्ट्रातील जुन्या श्रोत्यांना पाठ असलेली वारंवारताही त्याच्या कक्षेबाहेर राहते. यावरचा उपाय म्हणजे ट्यूनरला वळसा घालणे. आर८२०टी असलेल्या डोंगलमध्ये आरटीएल२८३२यू चिपचा मोजणीचा एकच मार्ग वापरलेला असतो आणि दुसऱ्या मार्गाच्या ४ व ५ क्रमांकाच्या पिना रिकाम्या असतात. त्यांना अँटेना जोडली की लहर थेट मोजली जाते. चिपच्या कडेला जेमतेम दिसणाऱ्या या पिना इतक्या जवळजवळ असतात की नुसत्या डोळ्यांनी काम जमत नाही. भिंग हवे, सुईसारखे टोक असलेले सोल्डरिंग आयर्न हवे आणि हाताला टेकू हवा. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते तशी इनॅमलचा लेप असलेली तांब्याची अतिबारीक तार घेऊन तिचे टोक खरवडतात, त्यावर कथलाचा पातळ थर चढवतात, पिनेवर फ्लक्सचा ठिपका ठेवून तार टेकवतात आणि क्षणभर उष्णता देतात. कथिल जास्त झाले तर शेजारच्या दोन पिना एकमेकींना चिकटतात, आणि आयर्न जास्त वेळ टेकले तर चिपच जाते. जोड बसल्यावर तारेला ताण पडून तो उखडू नये म्हणून ती गोंदाने पट्टीवर पक्की करतात, आणि अँटेनावर साचणारी स्थिर वीज चिपवर जाऊ नये यासाठी मध्ये फेराइटच्या कड्यावर गुंडाळलेला लहानसा ट्रान्सफॉर्मर घालतात.

हे झाल्यावर खालचा पट्टा ऐकू येतो, पण त्याबरोबर मोजणीचा एक मूलभूत नियमही प्रत्यक्ष समोर येतो. सेकंदाला २ कोटी ८८ लाख वेळा मोजणाऱ्या यंत्रणेला त्याच्या निम्म्यापर्यंतच्या, म्हणजे १४.४ मेगाहर्ट्झपर्यंतच्याच वारंवारता खात्रीने ओळखता येतात. त्यापलीकडची १५ मेगाहर्ट्झची लहर उलटी दुमडून १३.८ मेगाहर्ट्झवर दिसू लागते. ही फसगत टाळायची तर चिपच्या आधी गाळणी हवी. पाठ्यपुस्तकात एका समीकरणापुरता राहिलेला हा सिद्धांत येथे चुकीच्या जागी ऐकू येणाऱ्या आवाजाच्या रूपाने भेटतो, आणि मग तो विसरला जात नाही.

अँटेनाच्या बाबतीतही हेच घडते. डोंगलसोबत येणारी छोटी चुंबकी अँटेना टीव्हीसाठी असते. कामागणिक दुसरी बनवावी लागते आणि तिची लांबी तरंगलांबीवरून काढावी लागते. विमाने आपले स्थान, उंची आणि ओळख १०९० मेगाहर्ट्झवर प्रक्षेपित करतात. त्या लहरीची लांबी २७.५ सेंटीमीटर, म्हणून तिच्या चतुर्थांशाएवढी, जवळपास ७ सेंटीमीटरची ताठ तार पुरते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली येथे मिळणारे सॉकेट आणि केबल यांवर ती सहज उभी राहते. या संदेशातील प्रत्येक बिट एक मायक्रोसेकंदाचा असतो आणि स्पंद त्याच्या पहिल्या अर्ध्यात आला तर १, दुसऱ्या अर्ध्यात आला तर ० असे वाचले जाते. सेकंदाला २० लाख नमुने घेतले की प्रत्येक बिटाच्या वाट्याला दोन नमुने येतात आणि एवढ्यावर गच्चीवरून शेकडो किलोमीटर दूरचे विमान नकाशावर उमटते. अमेरिकेचे नोआ मालिकेतील हवामान-उपग्रह १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सेकंदाला दोन ओळी या संथ गतीने ढगांचे चित्र पाठवत. १२० अंशांच्या कोनात ठेवलेल्या, प्रत्येकी अर्ध्या मीटरहून थोड्या मोठ्या दोन ॲल्युमिनियमच्या कांड्या ते टिपण्यास पुरेशा होत. ती सेवा २०२५ साली थांबल्यावर हौशी मंडळी रशियाच्या मेटिओर उपग्रहांच्या डिजिटल चित्रांकडे वळली.

या वाटेचे सर्वांत दूरचे टोक १४२०.४ मेगाहर्ट्झवर आहे. आकाशगंगेतील उदासीन हायड्रोजन या वारंवारतेवर लहरी सोडतो. त्या प्रथम १९५१ साली हार्वर्ड येथे युएन आणि पर्सेल यांनी कर्ण्याच्या आकाराच्या अँटेनाने टिपल्या. नारायणगावजवळ खोडद येथील, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांच्या महाकाय दुर्बिणीच्या निरीक्षणांतही हा पट्टा येतो. डोंगलला कमी गोंगाटाचा प्रवर्धक, योग्य गाळणी आणि पत्र्याचा कर्णा जोडून बराच वेळ सरासरी काढली, तर हाच हायड्रोजन घरच्या गच्चीवरून आलेखात लहानशा उंचवट्याच्या रूपाने दिसतो, आणि तो उंचवटा किती सरकला आहे यावरून आकाशगंगेच्या फिरण्याचा अंदाज बांधता येतो.

अर्थात हा डोंगल वेधशाळेची जागा घेत नाही. त्याची मोजणी आठ बिटांची, म्हणजे फक्त २५६ पायऱ्यांची, असल्याने शेजारचे जोरदार एफएम केंद्र सगळ्या पायऱ्या व्यापून टाकते आणि क्षीण लहर त्याखाली बुडते. शिवाय तो केवळ ऐकतो. प्रक्षेपण करायचे तर परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना घ्यावा लागतो, आणि इतरांसाठी असलेले खासगी संदेश न ऐकणे ही या छंदाची मर्यादा आणि नीतीही आहे. परंतु या उणिवांमुळेच त्याचे शैक्षणिक मूल्य वाढते. महागड्या उपकरणात गाळणी, ठोक्याची अचूकता, उष्णतेचा निचरा हे सगळे आधीच सोडवून बंद केलेले असते, तर येथे प्रत्येक प्रश्न उघड्यावर असतो आणि तो सोडवताना भौतिकशास्त्र हाताखालून जाते. वस्तू टाकून देण्यापूर्वी ती आणखी काय करू शकते असे विचारणारा समाज कचरा कमी करतोच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपण वापरत असलेल्या यंत्रांचे ज्ञान तो स्वतःकडे राखतो. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांनी हा डोंगल उघडून विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा, यासाठी एवढे कारण पुरेसे आहे.