आधी पायाला विचारा, मग बूट घ्या!

दोस्तांनो, आषाढात नातेपुते, माळशिरस, वेळापूर किंवा वाखरीच्या रस्त्याकडेला तुम्ही कधी उभे राहिला आहात का? ज्ञानेश्वर माउलींची पालखी आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या याच गावांवरून पंढरपूरला जाते. पताका, टाळ-मृदंग, डोक्यावरची तुळशीवृंदावनं सगळेच पाहतात. पुढच्या वेळी जरा खाली बघा. पायांकडे!

आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे 250 किलोमीटर. अठरा-वीस दिवसांची चाल. आपल्या जिल्ह्यात शिरेपर्यंत निम्म्याहून जास्त वाट संपलेली असते. कुणाच्या पायात वहाणा, कुणाच्या पायात कॅनव्हासचे बूट, कुणाच्या रबरी चपला, तर कुणी चक्क अनवाणी. साठी ओलांडलेली आजी झपझप पुढे जाते आणि नवे कोरे, महागडे बूट घातलेला एखादा दादा झाडाखाली बसून टाचेवरचा फोड बघत असतो. असं का होतं बरं?

कारण सोपं आहे. आजीच्या वहाणा आणि तिचे पाय यांची जुनी ओळख आहे. दादाची आणि त्याच्या बुटांची ओळख अजून व्हायचीच आहे!

शाळेच्या सहलीत किंवा शिबिरातही हेच दिसतं. एक तरी मुलगा मागे पडतो, लंगडतो आणि शेवटी सामानाच्या टेम्पोत बसून येतो. सगळे त्याला चिडवतात. पण बऱ्याचदा तो कच्चा नसतोच, बूट चुकलेले असतात.

फोड येतो कसा?

आपल्या एका पावलात 26 हाडं असतात. म्हणजे दोन्ही पावलांत मिळून 52. अख्ख्या शरीरात हाडं 206. त्यांतली चौथा हिस्सा हाडं पावलांतच! पाऊल टाकताना ती सगळी हलतात, पाऊल थोडं पसरतं, थोडं लांबतं. बूट सैल असेल तर टाच आत वर-खाली होते. वरची कातडी बुटाला चिकटून राहते, आतलं हाड मात्र पुढे-मागे सरकतं. हजारो पावलं असं झालं, की कातडीचे थर एकमेकांपासून सुटतात आणि मध्ये पाणी साचतं. तोच फोड. घामानं किंवा पावसानं पाय ओले असले की तो आणखी लवकर येतो.

म्हणजे घट्ट बूट जसा चावतो, तसाच सैल बूटही चावतो. हे नीट लक्षात ठेवा.

दुकानात जाल तेव्हा

1. बूट संध्याकाळी घ्यायला जा. दिवसभर उभं राहून, चालून पाय थोडे सुजलेले असतात. लांब चालतानाही ते असेच सुजतात.

2. चालताना जे मोजे घालणार, तेच मोजे सोबत न्या. उभे राहून, दोन्ही पायांत बूट घालून बघा. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा किंचित मोठं असू शकतं. जे मोठं, त्याच्या मापानं बूट घ्या.

3. सर्वांत लांब बोटापुढे साधारण अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. उतारावर पाय पुढे घसरतो, तेव्हा बोटं बुटाला आपटायला नकोत. टाच मात्र मागे घट्ट बसली पाहिजे.

4. बुटातला सुकतळा निघत असेल तर तो बाहेर काढून त्यावर उभे राहा. पाऊल दोन्ही बाजूंनी बाहेर येत असेल, तर लांबी बरोबर असूनही तो बूट तुमच्यासाठी अरुंद आहे.

5. बूट हातात घेऊन वाकवा. तो चवड्याजवळ वाकला पाहिजे, जिथे आपली बोटं वाकतात तिथे. अगदी मधोमध दुमडला, तर तो ठेवून द्या.

6. शिवण बघा, सोल बघा. नुसता चिकटवलेला सोल पाण्या-चिखलात लवकर सुटू शकतो. शिवलेला बूट उसवला, तर मोचीकाका तो पुन्हा शिवून देतात. वारीच्या वाटेवर तर काही कारागीर सेवा म्हणून पैसे न घेता वारकऱ्यांच्या चपला शिवून देतात.

वाट कशी, बूट तसा

सोलापूरची काळी माती तुम्हाला ठाऊकच आहे. पाऊस पडला की ती बुटाच्या तळाला अशी चिकटते, की दहा पावलांत एकेक बूट शेरभर जड होतो! इथे तळाच्या खाचा मोठ्या आणि मोकळ्या हव्यात, म्हणजे माती झटकली की पडते. बारीक खाचांत ती रुतून बसते. माळरानावर बाभळीचे काटे असतात, तिथे पातळ सोल उपयोगाचा नाही. सह्याद्रीतल्या किल्ल्यावर पावसाळ्यात शेवाळलेले कातळ असतात. तिथे मऊ रबराचा, पकड असणारा सोल हवा. घोट्याच्या वर येणारा बूट दगडधोंड्यांच्या वाटेवर कामाला येतो. सपाट रस्त्यावर मात्र हलका कॅनव्हासचा बूटही छान चालतो. जड बूट प्रत्येक पावलाला उचलावा लागतो, हे विसरू नका.

आणि आपली कोल्हापुरी चप्पल? तिच्या भौगोलिक मानांकनात सोलापूर जिल्हाही आहे, बरं का! कोरड्या, तापलेल्या वाटेवर ती मस्त. पाय मोकळे राहतात. पण भिजली की कातडं आधी फुगतं, मग वाळून कडक होतं. चिखलात ती नकोच.

अनवाणी जिंकलेली शर्यत

1960 सालचं रोम ऑलिम्पिक. इथिओपियाच्या अबेबे बिकिलाला मॅरेथॉन धावायची होती. 42 किलोमीटरहून जास्त अंतर! मिळालेल्या बुटांत त्याचे पाय नीट बसेनात. त्याला अनवाणी धावण्याचा सराव होता. त्यानं सरळ बूट काढले, अनवाणी धावला आणि सुवर्णपदक जिंकलं. 1964 साली टोकियोत तो पुन्हा जिंकला, त्या वेळी पायांत बूट होते.

थांबा, लगेच चपला भिरकावू नका! त्याच्या पायांना वर्षानुवर्षांची सवय होती. आपण त्याच्याकडून एवढंच घ्यायचं, की न बसणारा बूट घालून शर्यतीला उभं राहायचं नाही. आणि ज्याचा सराव नाही, ते ऐन दिवशी करायचं नाही.

ओळख वाढवा

म्हणून नवे बूट सहलीच्या आदल्या दिवशी घेऊ नका. दोन-तीन आठवडे आधी घ्या. आधी घरात घाला, मग शाळेत, मग सिद्धेश्वर मंदिरापर्यंत पायी जाऊन या. मग पाच किलोमीटर. चावायचा असेल, तर तो घराजवळ चावू दे.

चालताना कुठे चुरचुरलं, की तिथेच थांबा. लाज वाटू देऊ नका. चिकटपट्टी लावा, मोजे कोरडे घाला. फोड आलाच तर तो फोडू नका. नखं दोन दिवस आधी सरळ कापून ठेवा. मुक्कामी बूट भिजले असतील, तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवा. चुलीजवळ ठेवले तर कातडं तडकतं, चिकटवलेला सोल सुटतो. आणि सकाळी घालण्यापूर्वी बूट उलटे करून झटका. आत विंचू बसलेला असू शकतो!

आई-बाबांसाठी दोन शब्द

"वाढतं अंग आहे, दोन नंबर मोठेच घेऊ." हे वाक्य घराघरांत ऐकू येतं. बूट महाग असतात, हे खरंच आहे. पण हिशेब करून बघा. आपल्याकडे सर्रास चालणाऱ्या मापात एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, सुमारे साडेआठ मिलिमीटर. बोटापुढे ठेवलेली अंगठाभर जागा ही त्याहून जास्त असते. म्हणजे वाढीची सोय त्यातच झाली. त्यावर आणखी दोन नंबर घेतले, तर मूल चालत नाही, बूट ओढतं. थोरल्या भावंडाचे बूट धाकट्याला द्यायलाही हरकत नाही. फक्त सोल एका बाजूनं झिजलेला नाही ना, हे बघा. माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेले बूट मात्र आधी हातानं वाकवून तपासा. काही सोल न वापरताही आतून कुजतात आणि वाटेत तुकडे तुकडे होतात.

तर मित्रांनो, आज एक करा. कागदावर उभे राहून पेन्सिलीनं दोन्ही पावलं काढा. तुमचे आत्ताचे शाळेचे बूट त्या चित्रावर ठेवा. चित्र बुटाबाहेर आलं, तर तो कागद आज रात्री बाबांना दाखवा!