पेशींचं 'बग फिक्सिंग' बंद पडलं की काय होतं? जिनोमिक इनस्टॅबिलिटी आणि कॅन्सर, सोप्या भाषेत

संध्याकाळी चेंबूर स्टेशनबाहेरच्या टपरीवर जरा थांबून बघा. ऑफिसमधून सुटलेली आपल्याच वयाची मुलं दिसतील. कुणी तंबाखू मळतंय, कुणी पुडी फाडतंय. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण तंबाखू-सुपारीची सवय काही सुटलेली नाही. "दहावीपासून खातोय, मला कुठे काय झालंय?" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. यात चूक कुठे आहे, ते आज समजून घेऊया.

आधी सिस्टिम कशी चालते ते बघू

आपला जीनोम म्हणजे सुमारे ३०० कोटी अक्षरांचा कोड. प्रत्येक पेशीत त्याच्या दोन प्रती असतात आणि पेशी दुभंगताना हा सगळा कोड कॉपी होतो. कॉपी करताना चुका होतातच. पण पेशीतली प्रथिनं त्या लगेच तपासून दुरुस्त करतात, त्यामुळे शेवटी साधारण १०० कोटी अक्षरांत एखादीच चूक उरते. ही दुरुस्ती कशी चालते हे शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

यावर एक पहारेकरीही आहे, टीपी५३ नावाचं जनुक. डीएनए बिघडलेला दिसला की ते पेशीचं विभाजन थांबवतं. दुरुस्ती होण्यासारखी नसेल, तर पेशीला स्वतःला संपवायला लावतं.

मग बिघडतं काय?

तंबाखूतल्या नायट्रोसमाइन्सपासून शरीरात अशी रसायनं तयार होतात, जी डीएनएच्या अक्षरांना चिकटतात. मग कॉपी करताना चुकीचं अक्षर बसतं. बहुतेक चुकांनी काहीच होत नाही. पण एखादी चूक नेमकी दुरुस्तीच्या किंवा पहारेकऱ्याच्या जनुकात झाली तर?

समजा, टेस्टिंगचा कोडच करप्ट झाला. आता कुठलाही बग थेट लाइव्ह जाणार. पेशीत तसंच होतं. चुका साठण्याचा वेग वाढतो, गुणसूत्रं तुटतात, भलतीकडे जोडली जातात. यालाच जिनोमिक इनस्टॅबिलिटी म्हणतात. त्यातली एखादी पेशी वेगाने वाढायला लागली की तिचीच पिलावळ माजते.

यात वर्षं जातात आणि दुखत काहीच नाही. म्हणून 'मला काही झालं नाही' असं वाटतं.

खारघरमध्ये काय सापडलं?

चेंबूरहून पनवेल लोकल पकडली की खारघर लागतं. तिथे टाटा मेमोरियल सेंटरची अ‍ॅक्ट्रेक ही संशोधन संस्था आहे. तिने आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणीच्या राष्ट्रीय संस्थेने मिळून गाल-हिरडीच्या कॅन्सरचा कोड वाचला. आधी ५० रुग्णांच्या गाठी तपासल्या, मग आणखी ६० रुग्णांमध्ये पडताळणी केली. २०१३ मध्ये निष्कर्ष आले. बिघडलेल्या जनुकांच्या यादीत सर्वांत वर होतं टीपी५३, म्हणजे आपला पहारेकरीच!

हीच कमजोरी उपचारात वापरतात

रेडिएशनने डीएनए तुटतो. निरोगी पेशी तो बऱ्यापैकी दुरुस्त करतात, कॅन्सरच्या अनेक पेशींना ते तितकं जमत नाही. म्हणून डोस थोडा-थोडा करून काही आठवडे देतात. त्यासाठीचं भाभाट्रॉन हे कोबाल्ट मशीन चेंबूरच्या शेजारी, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलं.

दुसरं उदाहरण ओलापरिब या गोळीचं. बीआरसीए जनुक बिघडलं की दुरुस्तीचा एक रस्ता बंद होतो. ही गोळी दुसरा रस्ता अडवते आणि कॅन्सरची पेशी मरते. २०१४ मध्ये अमेरिकेत अंडाशयाच्या कॅन्सरसाठी तिला मंजुरी मिळाली. तोंडाच्या कॅन्सरवरचा हा नेहमीचा उपचार नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

तुम्ही काय कराल?

आज रात्री मोबाइलचा टॉर्च लावून आरशात तोंड तपासा:

- दोन-तीन आठवड्यांत न भरलेला छाला
- पुसला न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा
- तीन बोटं उभी मावतील इतकं तोंड न उघडणं

यातलं काही दिसलं, तर लगेच डेंटिस्ट किंवा ईएनटी डॉक्टरांना दाखवा. दिसलं म्हणजे कॅन्सरच असं नाही, पण थांबू नका. तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे. झालेली प्रत्येक चूक मागे घेता येत नाही, पण सोडल्यावर नव्या चुकांची भर कमी होते आणि धोका हळूहळू उतरतो.

टपरीवरचा तो मित्र आठवला ना? हा लेख त्याला पाठवा.